पुढून टक-टक, टायर एका कडेला घासलेला: जुन्या गाडीचे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट कसे तपासायचे, कसे बदलायचे

दर वर्षी गणपती जवळ आले की मला फोन सुरू होतात. "गाडी पुढून वाजतेय, रविवारी जरा बघतोस का?" गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असते, रोजची ये-जा ठाण्याच्या घोडबंदर रोडने किंवा मुंब्रा बायपासने असते, आणि फोन करणाऱ्याने तोवर एकदा अलाइनमेंट आणि एकदा बॅलन्सिंग करून घेतलेलं असतं. आवाज तसाच. माझी स्वतःची २००५ सालची छोटी हॅचबॅक, मेहुण्याची सेडान, सोसायटीतल्या दोन-तीन काकांच्या गाड्या, असं करत हा एकच बिघाड मी बऱ्याचदा काढलाय. बहुतेक वेळा स्टीअरिंगचे सांधे झिजलेले निघतात, आणि बहुतेक वेळा ते एक रुपया खर्च करण्याआधी नुसत्या हाताने कळलं असतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

हे सगळं रॅक-पिनियन स्टीअरिंगच्या गाड्यांबद्दल आहे (स्टीअरिंग फिरवलं की रॅक नावाची दांडी डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात), म्हणजे मारुती ८००, सँट्रो आणि त्यांच्यानंतरच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या. पद्मिनी किंवा जीपला स्टीअरिंग बॉक्स असतो, सांधे जास्त असतात. तपासायची पद्धत तिथेही हीच, पण मोजणी लांबते.

लक्षणं

सुरुवात आवाजाने होते. वेग कमी आणि रस्ता बारीक खडबडीत, म्हणजे पेव्हर ब्लॉकचा पट्टा किंवा खडी उखडलेलं डांबर, अशा जागी पुढच्या एका चाकाकडून टक-टक, टक-टक. मोठ्या खड्ड्यात हा आवाज दणक्यात लपतो आणि वेग वाढला की टायरच्या घरघरीत बुडतो. म्हणून तो ऐकायचा तर सोसायटीच्या गेटपासून मेन रोडपर्यंत, काचा खाली, एसीचा पंखा बंद, दुसऱ्या गिअरमध्ये ऐकायचा. भिंतीच्या बाजूने गेलात तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावा की उजवा तेही कळतं.

मग स्टीअरिंग पोकळ वाटायला लागतं. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे फिरवलं तरी गाडीला काही कळत नाही. सरळ रस्त्यावर गाडी किंचित भरकटते आणि आपण नकळत सारखी दुरुस्ती करत राहतो. माणसाला याची इतकी सवय होते की तक्रार करावी असंही वाटत नाही. दुसऱ्याला चालवायला दिली की तो पाच मिनिटांत विचारतो, "अरे, हे स्टीअरिंग असं का आहे?" माझ्या मते सगळ्यात पक्की खूण ही: डावं वळण घेऊन सरळ झालात की स्टीअरिंग एका जागी उभं राहतं, उजवं वळण घेऊन सरळ झालात की जरा वेगळ्या जागी. किंवा ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते, सोडला की सरळ.

तिसरी खूण टायरवर. पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात आडवा ठेवून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे, म्हणजे वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांना हवी तितकी समांतर नाहीत. टो बिघडायची कारणं दोन: कोणीतरी चुकीचा लावला, किंवा तो धरून ठेवणारा सांधाच सैल आहे.

काही आवाज या बिघाडाचे नसतात, ते आधीच बाजूला काढा. स्टीअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट-कट असा लयीत आवाज येतो तो ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग् करून सुटल्यासारखी वाजली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग बघा. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा आवाज मात्र टाय रॉडच्या आवाजासारखाच असतो. तो कानाने ओळखता येत नाही, हातानेच ओळखावा लागतो.

सांधा मरतो कसा

टाय रॉड एंड म्हणजे एका वाटीत बसवलेली पोलादी गोळी. गोळीला दांडा असतो, दांडा चाकाकडच्या आर्मच्या भोकात निमुळता बसतो, आणि वाटीचं तोंड रबराच्या बुटाने झाकलेलं असतं. आत ग्रीस. जुन्या जीपसारखं निपल नसल्यामुळे या सांध्यांत बाहेरून ग्रीस भरता येत नाही. कारखान्यात भरलेलं तेवढंच.

मरतो तो आधी रबराचा बूट. रबर वर्षानुवर्षं तापतं, वाळतं, घडीच्या जागी त्याला केसाएवढी चीर पडते. जूनमध्ये पाणी सुरू झालं की चाकाने उडवलेलं गढूळ पाणी त्या चिरेतून आत जातं, त्याबरोबर बारीक कच. ग्रीस आणि कच मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. ऑगस्टमध्ये आवाज येतो, दिवाळीपर्यंत टायरची कड गेलेली असते. म्हणून मी फोन करणाऱ्यांना सांगतो की आवाजाची वाट बघू नका, मे महिन्यात एकदा खाली वाकून बूट बघा.

आता अलाइनमेंटने हे का सुटत नाही ते सांगतो, कारण माझे दोन नवे टायर याच चुकीत एका पावसाळ्यात गेले. मशीनवर गाडी उभी असते. सैल सांधा त्या क्षणी ज्या बाजूला टेकलेला असतो, तीच जागा मशीन मोजतं. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. गाडी रस्त्यावर आली, ब्रेक मारला, की चाक मागे ढकललं जातं आणि सांधा दुसऱ्या टोकाला जातो. रेस दिली की परत पहिल्या टोकाला. म्हणजे टो दर सिग्नलला बदलतोय. मी तीन वेळा अलाइनमेंट केली, तिन्ही वेळा आकडे बरोबर होते, आणि टायर घासतच राहिला. सांधा आधी, अलाइनमेंट शेवटी. हा क्रम कधीही उलटा करू नका.

तपासणी: फुकटातून सुरुवात

सगळ्यात आधी चारही टायरची हवा. थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. पुढच्या एका टायरमध्ये हवा कमी असली तर गाडी ओढते, स्टीअरिंग जड होतं, आणि आपण उगाच गाडीखाली शिरतो. त्याच वेळी पाना लावून चाकांचे नट बघा. पंक्चर काढल्यावर नीट न आवळलेल्या नटाचा टक-टक आवाज मी दोनदा ऐकलाय, आणि ती गोष्ट टाय रॉडपेक्षा जास्त धोक्याची आहे. व्हील कव्हर काढून एक चक्कर मारा. बॅटरीची पट्टी हलवून बघा. एवढ्याने आवाज गेला तर काम संपलं.

दुसरी तपासणी दोन माणसांची, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो. गाडी चाकांवरच उभी, जॅक नाही. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, फक्त स्टीअरिंगचं कुलूप सुटेल इतकी चावी फिरवलेली. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवा आणि सांगा: स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, झटक्याने हलवत राहा, चाक वळेल इतकं नाही, फक्त दांडी ताणली-दाबली जाईल इतकं. तुम्ही चाकाच्या मागून हात घालून टाय रॉड एंडची वाटी आणि आर्म यांच्या मधोमध बोटं ठेवा. चांगला सांधा नुसता दाब देतो. झिजलेला सांधा बोटाखाली टिचकी मारतो, अगदी माचिसच्या पेटीत एकच काडी राहिल्यावर वाजते तशी. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला लगेच कळतो. पॉवर स्टीअरिंग फार जड जात असेल तर इंजिन चालू ठेवावं लागतं. तेव्हा हात फक्त बाहेरून, चाकाच्या कमानीतूनच घाला, बॉनेट उघडून बेल्ट-पंख्याजवळ अजिबात नाही.

चाकांवर वजन ठेवूनच ही तपासणी का? कारण जमीन टायर धरून ठेवते. दांडी हलते पण चाक हलत नाही, म्हणून मधली सैल जागा उघडी पडते. गाडी उचलली की चाकही दांडीबरोबर हलतं आणि छोटा प्ले, म्हणजे सैलपणा, लपतो.

हात एकाच जागी ठेवून उठू नका. बाहेरचा सांधा झाला की आत सरका: रॅकच्या टोकाला घड्यांचं रबर असतं, ते मुठीत दाबून धरा. आतला सांधा, म्हणजे रॅक एंड, त्याच्या आत असतो. टिचकी तिथे लागली तर बाहेरचा बदलून उपयोग नाही. मग रॅक जिथे बॉडीला क्लॅम्पने धरलेला असतो ते बुश बघा. अख्खा रॅक डावी-उजवीकडे सरकत असेल तर बुश दबलेत. शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळ टॉर्च मारा. स्टीअरिंग फिरतंय पण पेडलच्या मागे रॅककडे जाणारा शाफ्ट क्षणभर उशिरा फिरतोय असं दिसलं, तर दोष कॉलमच्या क्रॉस जॉइंटचा आहे. तिथे हात आवरा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिसरी तपासणी डोळ्यांची. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकामागची जागा मोकळी होते. बूट फाटलाय का, बुटाभोवती काळं चिकट ग्रीस उडालंय का, की त्याहून वाईट, बूट फाटलाय आणि आजूबाजूला गंजाची लालसर धूळ आहे? लाल धूळ म्हणजे आतलं ग्रीस कधीच संपलंय आणि लोखंड लोखंडावर घासतंय. बूट फाटलाय पण प्ले नाही, अशी गाडी लवकर हाती लागली तर नशीब समजा. काही जण अशा वेळी नुसता बूट बदलतात. मी बदलत नाही. कच आत गेली की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि सगळं खोलायचं कष्ट तेवढंच असतं.

जॅक लावून तपासणी

इथून पुढे गाडी उचलायची आहे, म्हणून हे वाक्य गंभीरपणे वाचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. घोडी, म्हणजे उचललेली गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, हवीच. आपल्याकडच्या सोसायट्यांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतात, पावसात त्यांच्या खालची वाळू बसलेली असते, आणि जॅकचा पाय एका ब्लॉकसकट तिरका होतो. जॅक आणि घोडी दोन्हींखाली जाड प्लायवूडचे तुकडे टाका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे. उताराच्या पोडियमवर हे काम करूच नका.

चाक अधांतरी झालं की घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून डावी-उजवीकडे हलवा. इथे खटका लागला तर दोष स्टीअरिंगच्या बाजूचा. मग बारा आणि सहाच्या जागी, वर-खाली धरून आत-बाहेर ढकला. इथे खटका लागला तर खालचा बॉल जॉइंट (चाक धरणारं नकल आणि खालचा लोअर आर्म यांना जोडणारा, तसाच गोळी-वाटीचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती मला वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवली होती. सीटवरच्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. खटका गायब झाला तर बेअरिंग, कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना धरून ठेवलेत. तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मेस्त्री म्हणाले होते, "साहेब, पार्ट बदलायच्या आधी पार्टला बोलू द्या." खात्री करायला लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचका. जॉइंट वर-खाली होताना दिसतो.

बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट प्ले दिसला तर गाडी त्याच जागी ठेवा. टाय रॉड एंड झिजला तर टायर घासतो, गाडी भरकटते, काही दिवस तुम्हाला इशारे मिळत राहतात. बॉल जॉइंट वाटीतून निसटला तर चाक बाहेर पडून कमानीखाली आडवं होतं आणि गाडी बसते. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर कंटेनरच्या पुढे असं झालं तर काय होईल याची कल्पना करवत नाही. बऱ्याच गाड्यांत हा जॉइंट लोअर आर्ममध्ये प्रेसने दाबून बसवलेला असतो, काहींत आर्मसकटच बदलावा लागतो. घरच्या हातोडीने ठोकून बसवलेला जॉइंट मी पाहिलाय, तिरका बसला होता. हे काम प्रेस असलेल्या गॅरेजचं. गाडी चालवत नेऊ नका, टोइंग व्हॅनने न्या.

बाहेरचा टाय रॉड एंड बदलणं

निदान बाहेरच्या सांध्याचं झालं असेल तर हे काम घरी होण्यासारखं आहे. पहिल्यांदा करताना एका बाजूला दीड-दोन तास धरा.

पार्ट आणताना पाकिटावर विश्वास टाकू नका, सांधा हातात घ्या. नव्या सांध्याचा दांडा बोटांनी फिरवायला घट्ट आणि सलग लागला पाहिजे, कुठे अडकता कामा नये. दुकानातच दांडा स्वतःच्या वजनाने लुळा पडत असेल तर तो ठेवा आणि दुसरा मागा. बूट वाटीवर रिंगने नीट बसलाय का, आटे स्वच्छ आहेत का, जुन्याशी लांबी जुळते का. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच वयाचे असतील आणि एक गेला असेल तर मी दुसराही बदलतो. अलाइनमेंट एकदाच करावी लागते, आणि पार्ट टायरच्या मानाने फार स्वस्त आहे.

आदल्या रात्रीच लॉकनटवर (सांधा टाय रॉडवर घट्ट धरणारा नट) आणि कॅसल नटवर (दांडा आर्ममध्ये धरणारा, खाचा असलेला नट) गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग उचला, घोडी लावा, चाक काढा.

आता पाना हातात घेण्याआधी खुणा करा. वायर ब्रशने आटे साफ करून लॉकनट जिथे आहे तिथे पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. सांध्याच्या मध्यापासून टाय रॉडवरच्या एका ठळक खुणेपर्यंत अंतर मोजून लिहून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा. एवढा काटेकोरपणा कशाला? आट्यांची पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) सव्वा मिलिमीटर, चाकाकडच्या आर्मची लांबी १२ सेंटिमीटर आणि टायरचा व्यास ५५ सेंटिमीटर धरला, तर सांधा फक्त एक फेरा चुकला की टायरच्या कडेला साडेपाच मिलिमीटरहून जास्त टो बदलतो. छोट्या गाड्यांचा टो शून्य ते दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. एका फेऱ्यात तुम्ही त्याच्या बाहेर जाता.

सांधा आर्ममध्ये बसलेला असतानाच लॉकनट मोडा, म्हणजे पाव फेरा फक्त सैल करा. दुसऱ्या पान्याने टाय रॉडचा चपटा भाग धरून ठेवा, नाहीतर सगळा पीळ आतल्या घड्यांच्या रबराला जातो आणि ते फाटतं. ते फाटलं तर पुढच्या पावसाळ्यात रॅक जातो. नट सुटायची दिशा आधी आट्यांकडे बघून ठरवा. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात.

मग स्प्लिट पिन, म्हणजे कॅसल नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून घातलेली दोन पायांची पिन. गंजलेली पिन सरळ करताना तिचं एक पाय तुटतंच. नोज प्लायरने तिचं डोकं धरा, हातोडीने प्लायरला हलकेच टिचक्या द्या, ती बाहेर येते. कॅसल नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाशी सपाट होईल इतकाच ठेवा. सांधा सुटला की दांडी खाली आदळत नाही आणि हातोडी चुकली तर आटे वाचतात.

निमुळता दांडा भोकात वर्षानुवर्षं बसलेला असतो, तो नुसता ओढून येत नाही. पुलर (सांधा ओढून काढायचं अवजार) असेल तर उत्तम: लावा, ताण द्या, आणि मग आर्मच्या डोळ्याला, म्हणजे भोकाभोवतीच्या जाड भागाला, बाजूने एक ठोका. पुलर नसेल तर दोन हातोड्या. जड हातोडी डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरायची आणि दुसरीने बरोबर समोरच्या बाजूला सणसणीत ठोका मारायचा. डोळा क्षणभर दबतो आणि दांडा सुटतो. पहिल्या चार-पाच ठोक्यांचा आवाज भरीव येतो. ज्या ठोक्याला सांधा सुटतो त्याचा आवाजच वेगळा येतो, आणि दांडी जराशी सरकून नटवर अडते. ठोके कायम आर्मच्या डोळ्याला, बाजूने. दांड्याच्या टोकावर कधीही नाही, तो फुगतो आणि भोकात कायमचा अडकतो. दोन दात्यांचा फाटा घालूनही सांधा सुटतो, पण फाटा बूट फाडतो. फेकून द्यायच्या सांध्याला चालेल, शेजारच्या चांगल्या बॉल जॉइंटजवळ नको.

जुना सांधा फिरवून काढताना फेरे मोठ्याने मोजा. माझी मुलगी हे काम करते, वहीत लिहिते. नवा तितकेच फेरे आत, आणि मघाशी मोजलेलं अंतर जुळवून बघा. नव्याची लांबी जराशी वेगळी असेल तर फेऱ्यांपेक्षा अंतराला मान द्या.

आर्मचं भोक आणि नवा दांडा कोरड्या फडक्याने पुसून बसवा. निमुळत्या जागी ग्रीस लावायचं नाही. तिथली पकड घर्षणावर आहे. नट आवळताना दांडा जागच्या जागी फिरत राहिला तर सांध्यावर पहारीने उलट्या बाजूने दाब द्या, दांडा भोकात रुतला की नट आवळतो. टॉर्क पाना आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वापरा. पिनचं भोक नटच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. पिन नवी. जुनी सरळ करून परत घातलेली पिन म्हणजे अर्धी तुटलेली पिन. तुमच्या गाडीत पिनऐवजी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) असेल तर तोही नवाच लावा, त्याची पकड एकदाच असते.

लॉकनट आवळण्याआधी सांध्याची वाटी तिरकी नाही, दांडा मध्यावर आहे हे बघा. तिरका राहिला तर पूर्ण वळणावर अडतो. चाक लावा, गाडी खाली घ्या, चाकाचे नट समोरासमोरचे, आलटून-पालटून आवळा. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. कुठे अडत नाही ना, ब्रेकची नळी कुठे ताणत नाही ना हे डोळ्याने बघा.

त्याच दिवशी, पंचवीस-तीसच्या वेगाने, जवळच्या जवळ अलाइनमेंटला जा. मोजमाप कितीही चोख असलं तरी नव्या सांध्यावर अलाइनमेंट टाळता येत नाही.

इथे थांबा, मेस्त्री बोलवा

बॉल जॉइंटचं वर लिहिलंच आहे. त्याशिवाय:

आतला रॅक एंड. त्याला वेगळा पाना लागतो, रॅक एका बाजूने धरून ठेवावा लागतो, नाहीतर त्याचे दात दुखावतात. काही गाड्यांत लॉक वॉशर ठोकून बसवलेला असतो. एकदा कोणी जाणत्याने समोर करून दाखवेपर्यंत हात घालू नका.

स्टीअरिंग कॉलमचा क्रॉस आणि एअरबॅग असलेलं कुठलंही स्टीअरिंग. रॅकच्या पोटाखाली एक ॲडजस्टिंग नट दिसतो, तो आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. तो आवळू नका. जास्त आवळला गेला तर वळणावरून स्टीअरिंग परत येत नाही.

आर्मचं भोक लांबट झालं असेल किंवा नवा दांडा हाताने बसवल्यावरही डगडगत असेल तर नकल बदलावं लागतं. टाय रॉडचे आटे गेलेत, लॉकनट तीन वेळा स्प्रे मारूनही हलत नाही, त्याचे कोपरे गोल झालेत, तिथेही थांबा. गॅसने तापवून नट सोडवणं हे ब्रेकच्या नळीशेजारी घरी करायचं काम नाही.

आणि घोडी नसेल, किंवा शेवटी नट पुरेसा आवळलाय की नाही याची मनात शंका राहिली असेल, तर गाडी जागेवर ठेवून मेस्त्रीला पार्किंगमध्ये बोलवा. काम तुम्ही केलंय, तपासायचे पैसे देतो, असं स्पष्ट सांगितलं की चांगला मेस्त्री येतो. माझ्या पहिल्या सांध्याच्या वेळी मी हेच केलं होतं. त्यांनी कॅसल नट अजून एक खाच पुढे नेला.

आठवड्याने

शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर एकदा परत खाली वाका. लॉकनट आवळून झाल्यावर त्यावरून टाय रॉडपर्यंत सलग रंगाची रेघ ओढलेली असेल तर दहा सेकंदांचं काम आहे: रेघ तुटलेली नाही, म्हणजे नट हलला नाही. पिनचे दोन्ही पाय वळलेले आहेत. बूट स्वच्छ आहे. मग त्याच माणसाला परत सीटवर बसवा, स्टीअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि बोटं सांध्यावर ठेवा. नव्या सांध्याचा नुसता दाब बोटाला एकदा नीट कळला की पुढच्या वेळी झिजलेला ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पुढच्या दुसऱ्या चाकाचा सांधाही त्याच बैठकीत बघून घ्या. गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील आणि पुनर्नोंदणीसाठी आरटीओत न्यायची असेल तर हे सगळं त्याआधी उरकून टाका.